अंतर्लोहित : उदरातील गुप्त रक्तस्राव आणि आमची पहिली घटका

रक्तस्राव म्हटला की आम्हा वैद्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम रक्तपित्त उभे राहते. नाकातून, मुखातून, गुदातून, मूत्रमार्गातून वा योनिमार्गातून रक्त बाहेर येते, ते दिसते, त्याचा वर्ण व गंध पारखता येतो, ऊर्ध्वग की अधोग हे ठरवता येते आणि त्यानुसार वासा, नागकेशर, दूर्वा, चंद्रकला, बोलबद्ध अशी योजना करता येते. परंतु रक्त शरीराबाहेर न येता उदराच्या पोकळीतच साठू लागले, कोठे आघात नाही, व्रण नाही आणि रुग्ण केवळ पोट दुखते एवढेच सांगत आहे, अशा वेळी आमच्यापैकी किती जणांच्या मनात रक्तस्रावाचा विचार येतो? सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या मनात तो आला नव्हता. त्या प्रसंगाविषयी आजवर आम्ही चारचौघांत बोललो नाही. व्यवसायबंधूंच्या या पत्रिकेत तो लिहिणे उचित होईल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

अठ्ठावीस वर्षांची, दोन अपत्यांची माता असलेली एक रुग्णा सकाळी सासूसमवेत आमच्या चिकित्सालयात आली. ओटीपोटात दुखत होते. पहाटे शौचास उठली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती खाली बसली होती. पाळी आठ दिवस लांबली होती. शेजारणीच्या सल्ल्याने दुकानातून रजःप्रवर्तनी वटी आणून तिने दोन दिवस घेतली, त्यानंतर काळपट असा थोडा थोडा स्राव सुरू झाला, आणि गोळी लागू पडली असे घरात सर्वांनी मानले. गर्भाची शंका आम्ही अर्धवट शब्दांत बोलून दाखवली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “ऑपरेशन झालंय तिचं चार वर्षांमागे. तसलं काही नाही.” आम्ही तो विषय तेथेच सोडला. उदर मृदू होते, ज्वर नव्हता. नाडी आम्ही पाहिली, ती सूक्ष्म व चपल वाटली, आणि वातप्रकोप असे मनाशी ठरवून आम्ही मोकळे झालो. घड्याळ लावून ती मोजली मात्र नाही. जाता जाता रुग्णा म्हणाली, “डॉक्टर, खांदापण दुखतोय, रात्री अवघडला असंल.” आम्ही हिंग्वाष्टक तुपातून दिले, पोट शेकण्यास सांगितले आणि दुसऱ्या दिवशी बस्तीसाठी बोलावले.

सायंकाळी ती घरी कोसळली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन रात्री उदर उघडले तेव्हा आत दोन लिटरहून अधिक रक्त होते. गर्भ बीजवाहिनीत रुजला होता आणि ती वाहिनी फुटली होती. नातेवाईकांनी रक्त दिले, शल्यचिकित्सकांनी त्वरा केली, म्हणून ती वाचली. त्यात आमचे श्रेय काडीमात्र नव्हते.

तिने आम्हाला काहीही लपवले नव्हते, हे पुढे अनेक रात्री आठवत राहिले. पाळी लांबणे, अल्प काळपट स्राव, मूर्च्छा आणि खांद्याची वेदना, अशी चारही चिन्हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. आम्ही ती ऐकली, पण एका सूत्रात ओवली नाहीत.

प्राचीनांना ही अवस्था अज्ञात नव्हती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसऱ्या अध्यायात, सद्योव्रणाच्या प्रकरणात, कोष्ठाच्या आतच रक्त साठलेल्या रुग्णाचे वर्णन अंतर्लोहित या संज्ञेने आले आहे. त्याला पांडुता येते, हात, पाय व मुख शीत पडतात, श्वास शीत होतो, नेत्र आरक्त होतात, उदर ताणले जाते, आणि असा रुग्ण वर्ज्य करावा असे आचार्य सांगतात. (नेत्रांची रक्तता आम्हाला स्वतःला कधी आढळली नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. उलट पापणी ओढून पाहता आतील भाग कागदासारखा पांढरा दिसतो.) हे वर्णन आघातजन्य अवस्थेचे आहे, आणि आमचा विषय आघाताविना होणाऱ्या स्रावाचा आहे, हा भेद खरा. तथापि रक्त एकदा आत साठू लागले की शरीराची अवस्था तीच होते. आज आपण ज्याला शॉक म्हणतो त्याचे ते चित्र आहे, आणि तेही अखेरच्या टप्प्याचे. त्या काळी उदर उघडून रक्तवाहिनी बांधणे आणि रक्त चढवणे शक्य नव्हते, म्हणून आचार्यांनी असाध्य म्हटले. आज ते शक्य आहे. म्हणूनच ही लक्षणे पूर्णपणे प्रकट होण्याची वाट पाहत बसणे हा आजच्या वैद्याचा अपराध ठरतो.

त्याच अध्यायात रक्त आमाशयात असल्यास वमन व पक्वाशयात असल्यास विरेचन पथ्यकर असल्याचा उपदेश आहे. काही तरुण वैद्य हे वचन पाठांतराने म्हणून दाखवतात. आमचे स्पष्ट मत असे की, उदरातील गुप्त रक्तस्रावाची शंका असलेल्या रुग्णास वमन, विरेचन, बस्ती, उदराभ्यंग वा उष्ण स्वेद यांपैकी काहीही देऊ नये. अवयवाच्या पोकळीत झालेला स्राव आणि अवयवांच्या बाहेर उदरावरणाच्या पोकळीत झालेला स्राव यांत अंतर आहे. दुसऱ्या प्रकारातील रक्ताला मुखावाटे वा गुदावाटे बाहेर पडण्यास वाटच नाही. वमनाच्या वेगाने उदरातील दाब मात्र वाढतो आणि जेमतेम धरलेली गुठळी सुटते. ग्रंथाचा यात अनादर नाही.

स्तंभन चिकित्सेचीही हीच गोष्ट आहे. रक्त थांबवण्याचे चार उपाय सुश्रुताने सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात सांगितले, संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. या चौघांचा विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते की, हे चारही उपाय स्राव जेथून होतो त्या स्थानी करावयाचे आहेत. स्थान हाताशी असल्याशिवाय त्यांतील एकही करता येत नाही. फुटलेल्या धमनीचे मुख पोटात दिलेल्या चूर्णाने मिटत नाही, मग ते चूर्ण नागकेशराचे असो वा प्रवाळाचे भस्म असो. आधुनिक औषधांची स्थितीही याहून फार वेगळी नाही. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे स्तंभक औषध अलीकडे अनेक चिकित्सालयांत सर्रास टोचले जाते. अपघाती रक्तस्रावात ते पहिल्या तीन तासांत दिल्यास मृत्यू घटतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले, आणि उशिरा दिल्यास लाभ न होता हानीची शक्यता दिसली. पुढे २०२० साली जठर-आंत्रातील रक्तस्रावावर तशीच मोठी चाचणी झाली, तेव्हा मृत्यू घटले नाहीत, शिरांमध्ये गुठळ्या होण्याचे प्रमाण मात्र वाढले. एका स्थानी उपकारक ठरलेले स्तंभन दुसऱ्या स्थानी तसे ठरेलच असे नाही, ही गोष्ट आम्हा रक्तपित्ताच्या अभ्यासकांना तरी नवी वाटू नये.

आता रक्त येते कोठून? यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मुळे होत, असे चरकाने विमानस्थानात म्हटले आहे, आणि आघाताविना होणाऱ्या उदरांतर्गत रक्तस्रावाच्या कारणांत हे दोन अवयव खरोखरच अग्रभागी असतात. यकृतातील अर्बुद फुटणे हे त्यांपैकी एक. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या वा काविळीच्या ब आणि क विषाणूंनी यकृत जीर्ण झालेल्या रुग्णांत त्याची शंका घ्यावी. प्लीहा हिवतापात, रक्ताच्या कर्करोगात आणि काही विषाणुज्वरांत वाढते, ताणली जाते आणि क्वचित क्षुल्लक कारणानेही फुटते. खोकल्याची उबळ किंवा शौचास कुंथणे एवढे निमित्त पुरते. डेंग्यूतही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. हिवतापाच्या प्रदेशात काम करणाऱ्या वैद्यांनी वाढलेली प्लीहा वारंवार दाबून पाहू नये, आणि “बेंबी सरकली” म्हणून पोट चोळून घेण्याची जी प्रथा खेड्यांत आहे तिच्यापासून अशा रुग्णांना निग्रहाने दूर ठेवावे. उदरातील महाधमनीचा फुगवटा फुटणे हा वृद्ध, धूम्रपानी पुरुषांचा घातक प्रकार. पाठीत वा कुशीत अकस्मात तीव्र शूल उठतो आणि मुतखडा समजून वेदनाशामक टोचले जाते. प्लीहेच्या धमनीवर असाच फुगवटा असल्यास तो गर्भिणीत, विशेषतः अखेरच्या महिन्यांत, फुटण्याचा संभव अधिक असतो. प्रसूतीच्या वेळी अशा रीतीने उदरात अकस्मात रक्तस्राव झाल्याचे वर्णन बार्बर यांनी १९०९ साली प्रसिद्ध केले होते. काही रुग्णांत तर शस्त्रकर्म करूनही स्रावाचे मूळ हाती लागत नाही. अशा स्रावाला पूर्वी ॲब्डॉमिनल ॲपोप्लेक्सी म्हणत. चित्रण सुधारले तसतसे ते नाव मागे पडत गेले.

परंतु आमच्या दारात येणाऱ्या रुग्णांपुरते बोलावयाचे तर प्रजननक्षम वयातील स्त्री हाच या विषयाचा गाभा आहे. शंभर गर्भांमागे एक ते दोन गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतात आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक बीजवाहिनीत असतात. वाहिनी फुटण्याचा काळ बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास येतो, म्हणजे पाळी चुकून दोन ते चार आठवडे झालेले असतात, आणि कित्येकदा स्त्रीला आपण गर्भवती आहोत याची जाणीवही नसते. अशा स्त्रियांपैकी निम्म्या जणींत कोणतेही पूर्वकारण सापडत नाही. संततिनियमनाचे ऑपरेशन झालेल्या स्त्रीत गर्भ राहण्याची शक्यता अत्यल्प, हे खरे. पण राहिलाच तर तो वाहिनीत असण्याची शक्यता मोठी असते. ‘ऑपरेशन झालंय’ हे उत्तर ऐकून आम्ही विषय सोडला, तो वस्तुतः तेथूनच हाती धरावयास हवा होता. तांबी बसवलेल्या स्त्रीबाबतही हेच ध्यानात ठेवावे. बीजकोशातील पीतपिंड फुटूनही असाच स्राव होतो. तो बहुधा पाळीच्या उत्तरार्धात, कधी संभोगानंतर वा व्यायामानंतर होतो, आणि अविवाहित मुलींतही होतो.

येथे औषधिविक्रेत्या बंधूंशी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. रजःप्रवर्तनी वटीत कासीस, हिंग, टंकण व कुमारीचा सार ही द्रव्ये असतात. कष्टार्तव व अनार्तवात योग्य रुग्णेत योजलेली ती उत्तम औषधी आहे, आम्ही आजही ती वापरतो. परंतु ‘पाळी यायची गोळी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास ती फळीवरून काढून देणे म्हणजे गर्भपरीक्षेवाचून गर्भावर औषध देणे होय. त्याहून घातक प्रकार गर्भपाताच्या आधुनिक गोळ्यांचा. मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याची मनाई आहे आणि ती लिहून देण्याचा अधिकार आम्हा आयुर्वेद पदवीधरांना नाही, हे सर्वश्रुत असूनही काय चालते तेही सर्वश्रुत आहे. बीजवाहिनीतील गर्भ या गोळ्यांनी पडत नाही. गर्भाशयातील आवरण मात्र सुटते, स्राव होतो, स्त्रीला व घरच्यांना काम झाले असे वाटते, आणि पुढे चार-आठ दिवसांत पोट दुखू लागले तर ते गोळ्यांमुळेच असे समजून घरी थांबतात. आमच्या रुग्णेच्या बाबतीत रजःप्रवर्तनीने हेच खोटे समाधान दिले होते. वाहिनी त्या वटीने फुटली असे आम्ही म्हणत नाही. तिने सर्वांची शंका झोपवली, एवढे खचित.

गर्भपरीक्षेची पट्टी चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीत मिळते आणि पाच मिनिटांत उत्तर देते. ज्या दुकानात रजःप्रवर्तनी आहे तेथे ती पट्टीही असावी आणि पट्टीचा निकाल पाहिल्याखेरीज वटी हातात पडू नये, एवढा नियम आपण आपल्यापुरता पाळला तरी पुष्कळ होईल. पट्टीवर दोन रेषा उमटल्या आणि पोटात दुखत असेल, तर सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात दिसेपर्यंत तो बाहेर आहे असेच धरून चालावे. एक रेषा आली तरी अतिपातळ मूत्रात फसगत होऊ शकते, आणि पीतपिंडाच्या स्रावात तर पट्टी नकारार्थीच येईल. सारांश, पट्टीने शंका बळावते, पण रुग्णेची अवस्था वाईट असेल तर नकारार्थी पट्टीने ती मावळू देऊ नये.

प्रश्न विचारण्याची रीतही शिकावी लागते. ‘पाळी चुकली का?’ असे विचारले तर काळपट स्राव झालेली स्त्री ‘नाही’ म्हणते, आणि ती तिच्या परीने खरेच सांगत असते. गेल्या दोन पाळ्यांच्या तारखा विचाराव्यात, आणि शेवटची पाळी नेहमीसारखी होती काय, दिवस व प्रमाण तेवढेच होते काय, असे विचारावे. सासू, आई वा पती यांना काही निमित्ताने बाहेर बसवून आमच्या परिचारिकेच्या उपस्थितीत रुग्णेशी एकांतात बोलावे. अविवाहित मुलीस हा प्रश्न कसा विचारावा या संकोचात कित्येक वैद्य तो विचारतच नाहीत. ‘पोटदुखीच्या प्रत्येक बाईला मी हे विचारतो, तुलाही विचारतो’ असे म्हटले की संकोच बराच ओसरतो, असा आमचा अनुभव आहे.

परीक्षणात पहिला मान नाडीला, आणि तेथे आम्हा वैद्यांना आत्मपरीक्षणाची गरज आहे. आम्ही नाडीवर बोटे ठेवतो, गती सर्पाची की मंडूकाची हे पाहतो, पण पूर्ण एक मिनिट घड्याळ समोर ठेवून ती मोजत नाही. प्रौढ शरीरात वजनाच्या दर किलोस साधारण सत्तर मिलिलिटर रक्त असते. पन्नास किलोच्या स्त्रीत ते साडेतीन लिटर झाले. यातील अर्धा लिटर गेले तरी तरुण शरीर काहीच दाखवत नाही. त्यापुढे नाडी शंभरावर जाते, त्वचा थंड पडते, रुग्णा अस्वस्थ होते. रक्तदाब मात्र सुमारे एक लिटर जाईपर्यंत बऱ्यापैकी टिकून राहतो, आणि मग झपाट्याने कोसळतो. तेव्हा ‘बीपी चांगला आहे’ या वाक्याने स्वतःची समजूत घालू नये. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला गाठू लागला की धोक्याची खूण समजावी. याला अपवादही आहे. उदरात रक्त असूनही काही रुग्णांत नाडी मंद राहते, आणि हृदयविकारासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत ती वाढतच नाही.

उदर मृदू आहे यावरही विसंबू नये. ताजे रक्त उदरावरणाला पू किंवा पित्त यांइतके क्षुब्ध करीत नाही, म्हणून पोट फळीसारखे कठीण होईलच असे नाही. मात्र रक्त मध्यपटलाच्या खाली पोहोचले की त्याची वेदना खांद्याच्या टोकाला जाणवते, विशेषतः रुग्ण आडवा झाल्यावर. खांदा दाबून दुखत नाही, हलवून दुखत नाही, तरी रुग्ण खांदा दुखतो म्हणतो, हे चिन्ह आम्ही आयुष्यात पुन्हा दुर्लक्षिलेले नाही. शौचास उठताना आलेली मूर्च्छा, शौचाची खोटी भावना, वारंवार लागणारी तहान आणि जांभया यांचाही विचार करावा. बेंबीभोवती वा कुशीत निळसर छटा येते असे पुस्तकांत असते; ती उशिरा येते, तिची वाट पाहू नये. हिमोग्लोबिनही पहिल्या काही तासांत फसवते. घागरीतले खारे पाणी निम्मे ओतून दिले तरी उरलेल्या पाण्याचा खारटपणा तेवढाच राहतो. वरून नवे पाणी पडेल तेव्हा तो उतरतो. रक्ताचेही तसेच आहे.

शंका आल्यावर काय करावे, हे थोडक्यात सांगता येते, कारण करावयाचे थोडेच असते. रुग्णाला आडवे निजवावे, पाय उंच ठेवावेत, अंगावर पांघरूण घालावे. मुखावाटे काहीही देऊ नये, पाण्याचा घोटही नाही, कारण लवकरच भूल द्यावी लागणार असते. ज्यांना येते त्यांनी दोन्ही हातांत जाड सुई लावून ठेवावी. क्षार द्रव बाटल्यांमागून बाटल्या न देता नाडी लागत राहील व रुग्ण शुद्धीवर राहील इतकाच द्यावा, कारण पातळ झालेले रक्त गोठत नाही आणि वाढलेला दाब गुठळी ढकलतो. डायक्लोफिनॅकसारखी इंजेक्शने टाळावीत. १०८ क्रमांकावर वाहन मागवावे. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली आणि तिच्या गाड्यांवर आमचेच अनेक आयुर्वेद पदवीधर काम करतात, ही आनंदाची गोष्ट आहे. जेथे शस्त्रकर्मगृह, भूलतज्ज्ञ व रक्त या तीनही गोष्टी आहेत अशाच रुग्णालयात पाठवावे, मग ते वीस किलोमीटर दूर का असेना. जवळच्या लहान रुग्णालयात नेणे, तेथून सोनोग्राफीला, तेथून परत, मग जिल्ह्याला, या फेऱ्यांत तास जातात. निघण्यापूर्वी तेथे दूरध्वनी करावा आणि सोबत चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत वेळेसह नाडी व रक्तदाब, पाळीची तारीख, पट्टीचा निकाल आणि आपण दिलेली सर्व औषधे असावीत. स्वतःची चूक झाली असेल तर तीही लिहावी.

पुढील काम त्यांचे. सोनोग्राफीत काही शे मिलिलिटर रक्तही यकृत व वृक्क यांच्यामधील खाचेत दिसून येते. रुग्ण स्थिर असेल तर रंगद्रव्य देऊन सीटी करतात आणि स्राव चालू असलेली धमनी सापडल्यास नळीवाटे तेथवर जाऊन ती आतूनच बंद करतात. अस्थिर रुग्णात चित्रणासाठी थांबत नाहीत, उदर उघडतात. पीतपिंडाचा स्राव स्थिर रुग्णेत पुष्कळदा निरीक्षणानेच थांबतो. वाहिनीतील गर्भ फुटण्यापूर्वी सापडल्यास निवडक रुग्णांत केवळ मेथोट्रेक्सेटने काम भागते, हा लवकर निदानाचा लाभ.

वृद्धांविषयी दोन शब्द. कृत्रिम झडप बसवलेले, हृदयगतीत अनियमितता असलेले वा पायांत गुठळी होऊन गेलेले कित्येक रुग्ण ॲसिनोकुमरॉल, वॉर्फरिन किंवा नव्या गोळ्या घेत असतात. ‘रक्त पातळ करायची गोळी’ चालू आहे हे ते आपणहून सांगत नाहीत, कारण सांधेदुखीशी त्याचा काय संबंध असे त्यांना वाटते. अशा एका शेतकऱ्यास खोकल्याच्या उबळीनंतर बेंबीच्या खाली एका बाजूस कठीण गोळा आला आणि तो आमच्याकडे गुल्म म्हणून आला. मान उचलून पोटाचे स्नायू ताणण्यास सांगितल्यावर गोळा नाहीसा न होता वेदना वाढली. रक्त पोटाच्या स्नायूच्या आवरणात, म्हणजे भिंतीत साठले होते. आय.एन.आर. तपासता तो फार वाढलेला निघाला. त्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून महिनाभर वेदनाशामक गोळ्या आणि लसणाच्या कॅप्सूल घेतल्या होत्या. अशा रुग्णांस लसूण वा हळदीचे तीव्र अर्क, गुग्गुळाचे कल्प देताना आम्ही आता हात आखडता घेतो, आणि दुकानदार बंधूंनीही ‘वनस्पती आहे, अपाय नाही’ हे वाक्य येथे तरी उच्चारू नये.

रुग्ण वाचून परत आला की मात्र आमचे खरे क्षेत्र सुरू होते. रक्तक्षयात मंद झालेला अग्नी, पेयादी क्रम, द्राक्षा, आमलकी, लोहकल्प यांत आम्ही पुष्कळ देऊ शकतो. दोन गोष्टी तेव्हा विसरू नयेत. प्लीहा काढलेल्या रुग्णास साधा वाटणारा ज्वरही काही तासांत प्राणघातक ठरू शकतो, त्याला ज्वरघ्न काढ्यावर ठेवू नये, आणि त्याचे लसीकरण झाले की नाही हे विचारावे. वाहिनीतील गर्भातून वाचलेल्या स्त्रीस पुढचा गर्भ राहताच लवकर सोनोग्राफी करण्यास सांगावे, कारण पुन्हा तसेच होण्याचा धोका तिच्यात अधिक असतो.

कोणी म्हणेल की, निदान करून रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवणे यात वैद्याचा कमीपणा आहे. चरकाला तसे वाटले नाही. गुल्मचिकित्सेत गुल्म पक्व झाल्यावर तेथील क्रियेचा अधिकार धान्वंतर संप्रदायाचा, असे कायचिकित्सेच्या त्या आचार्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. २०२० सालच्या अधिसूचनेनंतर शस्त्र कोणी हाती धरावे यावर दोन्ही पक्षांकडून पुष्कळ शाई खर्च झाली. त्या वादात आम्हाला पडावयाचे नाही. शस्त्र कोणीही धरो, त्याच्यापर्यंत रुग्ण वेळेत पोहोचवणारा मनुष्य बहुधा गावातला साधा व्यावसायिकच असतो. बर्मिंगहॅमचे ख्यातनाम शल्यचिकित्सक लॉसन टेट यांची कथा येथे आठवते. १८८१ साली हॉलराइट नामक एका सामान्य व्यावसायिकाने त्यांना आपली रुग्णा दाखवली. वाहिनी फुटून उदरात रक्तस्राव होत आहे, उदर उघडून ती काढून टाकावी, असे त्याने सुचवले. टेट यांना ते धाडस मानवले नाही. रुग्णा दगावली, आणि शवपरीक्षेत त्या व्यावसायिकाचेच म्हणणे खरे ठरले. पुढे १८८३ पासून टेट यांनी तशी शस्त्रकर्मे आरंभली. पहिली रुग्णा वाचली नाही, त्यानंतरच्या बहुतेक वाचल्या.

संघटनेच्या कार्यकारिणीस आमची एकच सूचना आहे. प्रत्येक तालुक्यातील कोणत्या रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ व रक्त उपलब्ध असते, तेथील दूरध्वनी क्रमांक कोणता, याची यादी पुढील अंकासोबत एका पानावर छापून द्यावी. आमच्या तालुक्याची यादी आम्ही तयार केली आहे. ती चिकित्सालयात नाडीपरीक्षेच्या आसनासमोर, भिंतीवरील घड्याळाच्या खाली लावली आहे.